भिमाजीनं टांगा वळवला

नगरच्या कॅम्पात मी एकवीस वर्षं कारकुनी केली. लष्करातली नव्हे, लष्कराच्या ऑफिसातली. अंगात साधा सदरा-पँट, पण साहेब आत आले की खुर्ची सोडून उभं राहायचं. मराठी अर्जांचं इंग्रजी करणं, इंग्रजी हुकमांचं मराठी करणं आणि दिवसभर टंकयंत्र बडवणं हे माझं काम. त्या एकवीस वर्षांत शेकडो माणसांचे जबाब माझ्या हाताखालून गेले. त्यातला एक मी अजून विसरलेलो नाही. तो भिमाजी टांगेवाल्याचा.

भिमाजी मूळचा देवळाली प्रवरेकडचा. तरुणपणी उसाच्या गाड्या हाकल्या, मग भावांची खाती वेगळी झाली तेव्हा बायको-मुलीला घेऊन नगरला आला आणि टांगा घेतला. भिंगारच्या अंगाला दोन खोल्यांचं घर, दारात लिंबाचं झाड, त्याखाली चंद्री नावाची पांढरी घोडी. कॅम्पात टांगा फिरवायचा तर पास लागायचा. तो पत्र्याचा बिल्ला भिमाजी सदऱ्याच्या खिशाला लावायचा आणि रोज सकाळी राखेनं घासायचा. हातात चाबूक असायचा, पण तो घोडीला लागलेला मी कधी पाहिला नाही. त्याच्या मागच्या टोकानं तो स्वतःची पाठ खाजवायचा.

गिऱ्हाईक टांग्यात बसलं की त्याचा पहिला प्रश्न, "गाव कंचं?" नव्यानं भरती झालेले रंगरूट स्टेशनवरून पत्र्याची ट्रंक घेऊन त्याच्याच टांग्यानं यायचे. गेट जवळ आलं की निम्म्यांचे डोळे भरून यायचे. भिमाजी तेव्हा मागं वळून पाहायचा नाही. घोडीशीच मोठ्यानं बोलत राहायचा, म्हणजे पोराला नाक पुसायला सवड मिळायची.

ही हकीकत १९७३ च्या एप्रिलमधली. दुष्काळाचं दुसरं वर्ष. गावोगाव लोक रस्त्याच्या कामावर खडी फोडत होते, आणि ज्याचा मुलगा पलटणीत लागला ते घर नशीबवान समजलं जायचं. कॅम्पात लष्कराच्या अवजड गाड्या चालवायला नि दुरुस्त करायला शिकवणारी एक शाळा होती. तिचं नाव इथं लिहीत नाही, जरुरीही नाही. छगन आणि सहादेव हे तिथले दोन विद्यार्थी. छगन पारनेर तालुक्यातला, वय एकोणीस, अंगानं काटक, बोलायला कमी. सहादेव नेवाशाकडचा, त्याच्यापेक्षा वर्षभरानं मोठा. बराकीत दोघांच्या खाटा शेजारी होत्या.

शेवटची परीक्षा आठ दिवसांवर आली असताना छगन ट्रकच्या पायरीवरून घसरला आणि त्याचा उजवा गुडघा सुजला. दवाखान्यात जाऊन दाखवायला हवं होतं. पण दवाखान्यात गेलं की डॉक्टर विश्रांती लिहून देणार, विश्रांती लिहिली की परीक्षा चुकणार, आणि परीक्षा चुकली की पुढच्या तुकडीत ढकलणार. घरी आईला त्यानं कळवलं होतं की मे महिन्यात पक्की नेमणूक मिळेल. तेव्हा त्यानं गुडघ्याला फडकं गुंडाळलं आणि कुणाला काही सांगितलं नाही. सहादेवाला तेवढं माहीत होतं.

रविवारी दुपारी दोघांना बाहेर जायची परवानगी होती. बाजारात एक वैदू चटई पसरून बसायचा. संधिवात, मुरगळा, कंबरदुखी, सगळ्यावर त्याच्याकडं एकच काळी गोळी. ती त्यानं कागदाच्या पुडीत बांधून दिली आणि सांगितलं, "सकाळी एक, सांजच्याला एक." त्यात अफू आहे हे तो काही बोलला नाही. छगननं एक गोळी तिथंच घेतली. अर्ध्या तासात गुडघा थोडा हलका वाटला म्हणून आणखी दोन घेतल्या. मग थिएटरात दुपारच्या खेळाला बसल्यावर, लवकर बरं व्हायचं म्हणून, अंधारात आणखी तीन गिळल्या. औषध जास्त घेतलं की जास्त लागू पडतं, एवढा साधा हिशेब त्या पोराचा.

खेळ सुटला, दिवे लागले, छगन उठेना. सहादेवानं हलवलं, गाल थोपटले. त्यानं एकदा डोळे किलकिले केले आणि पुन्हा मान टाकली. डोअरकीपरनं हात लावला आणि दोघांनी मिळून त्याला बाहेर आणलं. समोर भिमाजीचा टांगा उभा होता.

"काय झालं रं?" भिमाजीनं विचारलं.

"ऊन लागलंय काका. पाथर्डी रस्त्याला माझ्या मामाची वस्ती हाय, तिथं सोडा. सांजपर्यंत उतरंल."

"अरं, कॅम्पाचा दवाखाना हितं हाकंच्या अंतरावर हाय की."

"दवाखाना नगं काका! मामाकडंच चला."

भिमाजी निघाला. पाथर्डीच्या रस्त्याला लागला. ऊन असं की घोडीचे कान खाली पडलेले. मैल-दीड मैल गेल्यावर मागून घोरण्यासारखा आवाज आला, मग थांबला. बराच वेळ थांबला. मग पुन्हा एक आवाज. भिमाजीनं टांगा रस्त्याच्या कडेला घेतला आणि उडी मारून मागं आला. छगनच्या कपाळाला हात लावला. ऊन लागलेल्या माणसाचं अंग तापलेलं असतं. हे अंग गार होतं, चिकट घामानं ओलं, आणि ओठ निळसर. त्यानं अंगठ्यानं छगनची पापणी वर केली. डोळ्यातली बाहुली मोहरीच्या दाण्याएवढी झालेली. असा डोळा भिमाजीनं आयुष्यात एकदा पाहिला होता, ते पुढं सांगेन.

"काय खाल्लंय ह्यानं?"

"काय न्हाई काका."

"पोरा, माज्याकडं बघ. काय खाल्लंय?"

सहादेव रडायला लागला. "गुडघ्याच्या गोळ्या खाल्ल्या. सा. काका, कुनाला सांगू नगा. सायबाला कळलं तर दोघांनाबी घरी धाडतील. आमच्याकडं प्यायला पानी न्हाई, घरची समदी खडी फोडायला जात्यात. मी काय तोंड घेऊन जाऊ?"

भिमाजीनं पुढचं काही ऐकलं नाही. तो वर चढला आणि चंद्रीचा लगाम खेचून टांगा जागच्या जागी वळवला. त्या दिवशी, तो म्हणतो, त्यानं आयुष्यात पहिल्यांदा चाबूक वापरला. मागं न बघता सहादेवाला ओरडून सांगत होता, "त्याला बसता कर! झोपू देऊ नगस! चिमटं काढ, कानात वरड, काय बी कर!" सहादेव रडत रडत मित्राला चिमटे काढत होता आणि मध्येच विनवत होता, "काका, नगा. काका, आमचं वाटुळं हुईल." भिमाजी शेवटी एवढंच म्हणाला, "तू मला मागून शिव्या दे. पन त्याचं डोस्कं वर धर."

लष्करी दवाखान्याच्या दारात टांगा आला तेव्हा आतून दोन माणसं स्ट्रेचर घेऊन धावली. ड्यूटीवरच्या डॉक्टरसाहेबांनी काय झालं विचारलं. सहादेवाच्या तोंडून सवयीनं निघालं, "सर, लू लगी है." डॉक्टर बर्फ आणायला सांगणार इतक्यात भिमाजी मध्ये पडला. हिंदी त्याला धड यायचं नाही. "साब, लू न्हाई. अफू. अफू का गोली. छे खाया."

डॉक्टरांनी सहादेवाकडं पाहिलं. सहादेवानं क्षणभर भिमाजीकडं पाहिलं, मग खिशात हात घालून उरलेल्या गोळ्यांची पुडी काढली आणि डॉक्टरांच्या हातावर ठेवली.

पुढचं आत झालं. पोट धुतलं, इंजेक्शनं दिली, प्राणवायू लावला. भिमाजी बाहेर झाडाखाली घोडीला पाणी पाजत बसून राहिला. ऊन कलल्यावर एक ऑर्डर्ली बाहेर आला आणि म्हणाला, "घरी जा बाबा, बोलतोय तो. पाणी मागितलं." भिमाजीनं त्याला दोनदा विचारलं, "सोता मागितलं?" मग तो घरी गेला.

इथं गोष्ट संपली असती तर बरं होतं. पण दोन दिवसांनी भिमाजी पाच-सहा केळी घेऊन छगनला बघायला गेला, तर वॉर्डच्या दारात पहारा. ऑर्डर्लीनं सांगितलं की चौकशी बसली आहे. छगनवर तीन गोष्टींचा संशय: नशा केली, किंवा परीक्षा टाळायला मुद्दाम आजारी पडला, किंवा जीव द्यायला निघाला होता. तिन्हीपैकी काहीही ठरलं तरी पोरगं गेलं. आणि सहादेवावर, माहीत असून लपवल्याचा ठपका.

भिमाजी केळी तशीच घेऊन परत आला. टांग्याच्या अड्ड्यावर ही बातमी आधीच पोचली होती. तिथले सोबती म्हणाले, "तुला कुनी सांगितलं हुतं शहानपन? मामाच्या वस्तीवर सोडला असता, उतरली असती. आता दोन पोरांची भाकरी गेली." कुणीतरी असंही म्हणालं की आता तुझाही पास जाईल, बघ. आधी भलत्या रस्त्याला टांगा का नेलास, हे साहेब विचारणारच.

त्या आठवड्यात भिमाजी जेवेना, बोलेना. बायडाबाई, त्याची बायको, पुढं मला स्वतः हे सांगत होत्या. "भाऊसाहेब, नुसतं घोडीला खरारा करत बसायचे. घोडी बी कटाळली. मग म्याच इचारलं, काय झालंय ते बोला तरी."

भिमाजीनं सांगितलं आणि म्हणाला, "म्या त्यान्ला वाचिवलं का बुडिवलं, तेच मला कळंना."

बायडाबाईंनी त्याच्या हातातला खरारा काढून घेतला. मग म्हणाल्या, "रतनच्या येळचं इसरलात व्हय?"

ती गोष्ट अशी. देवळालीला असताना त्यांची मुलगी रतन सहा महिन्यांची होती. बायडाबाई उसात खुरपायला जायच्या. तेव्हा खुरपणाऱ्या बाया तान्ह्या पोराला तिळाएवढी अफू बोटानं चाटवायच्या आणि बांधावर झोळीत निजवायच्या. सगळ्याच करायच्या, कुणाला त्यात वावगं वाटायचं नाही. एके दिवशी रतन दुपारी उठून रडायला लागली. मुकादम ओरडायला लागला म्हणून बायडाबाईंनी घाईत पुन्हा चाटवली, आणि बोटावर किती आली ते बघितलं नाही. घरी आणलं तरी पोर उठेना. बायडाबाईंचं वय तेव्हा सतरा-अठरा. सासऱ्याच्या भीतीनं त्या पोराला पदराखाली घेऊन कोपऱ्यात बसून राहिल्या. कुणी विचारलं की म्हणायच्या, झोपलीय.

सासूबाईंनी, म्हणजे भिमाजीच्या आईनं, बनुबाईंनी, ते ओळखलं. त्या येऊन शेजारी बसल्या. सुनेच्या पाठीवर हात ठेवला आणि हळूच विचारलं, "किती दिलीस, ते सांग. मी तुला काय बी बोलनार न्हाई." बायडाबाईंनी सांगितलं. लगेच गाडी जुंपली. राहुरीच्या डॉक्टरकडं पोचेपर्यंत बनुबाई नातीच्या तळव्यांना टिचक्या मारत होत्या, ओलं फडकं तोंडावर फिरवत होत्या, आणि भिमाजीला पापणी उघडून बाहुली बघायला लावत होत्या. पोर वाचली. बनुबाई त्यानंतर बारा वर्षं जगल्या. बारा वर्षांत एकदाही, भांडणातसुद्धा, त्यांनी ती गोष्ट काढली नाही. रतन आता पुणतांब्याला सासरी नांदत होती, तिला दोन मुलं होती.

"आत्याबाई त्या दिशी माज्या अंगावर वरडल्या असत्या," बायडाबाई म्हणाल्या, "तर म्या तोंड उघडलं नसतं. झोपलीय, झोपलीय, म्हनत बसले असते. तुमी सायबाला हे जाऊन सांगा."

"सायबाला? आपल्या घरातलं?"

"घरातलंच सांगा. मला लाज न्हाई त्याची."

दुसऱ्या दिवशी शाळेचा एक जवान अड्ड्यावर येऊन भिमाजीला निरोप देऊन गेला की गुरुवारी दहा वाजता जबाबाला हजर राहा. आणि तिथं आमची गाठ पडली, कारण त्याचं मराठी साहेबांना समजावून सांगायचं काम माझ्याकडं आलं होतं.

चौकशी करणारे मेजरसाहेब मद्रासकडचे, शांत, चष्मा लावणारे. दोन्ही बाजूंना दोन अधिकारी. एका बाकावर शाळेचे उस्ताद, म्हणजे गाडी शिकवणारे सुभेदार, दुसऱ्या बाकावर डॉक्टर. भिमाजीनं स्वच्छ धुतलेला फेटा बांधला होता. खुर्ची दिली तर तिच्या अगदी कडेवर बसला, जणू तिला वजन सोसायचं नाही.

पहिले प्रश्न नेहमीचे. टांगा कुठून निघाला, कुठं गेला, कधी वळला. भिमाजीनं सगळं जसंच्या तसं सांगितलं. पाथर्डी रस्त्याला दीड मैल गेलो हेही लपवलं नाही.

"तुम्ही आधीच दवाखान्यात का आणलं नाही?" मेजरसाहेबांनी विचारलं, मी मराठीत सांगितलं.

"पोरगं घाबरलं हुतं, त्याचं ऐकलं. ती माजी चूक. त्याची सजा मला द्या, बिल्ला पायजे तर घ्या." आणि त्यानं खरोखर खिशावरचा बिल्ला काढून टेबलावर ठेवला.

मेजरसाहेबांनी तो उचलून पाहिला आणि परत त्याच्याकडं सरकवला.

मग उस्ताद बोलले. माणूस कडक होता, पण वाईट नव्हता. त्यांचं म्हणणं सरळ होतं. इथं मुलं दहा-दहा टनांच्या गाड्या चालवायला शिकतात. गोळी खाऊन एखादा गाडीवर बसला तर मागं बसलेली वीस माणसं मरतील. आज एकाला सोडलं तर उद्या प्रत्येकाच्या खिशात पुडी सापडेल. चूक झाली म्हणून शिक्षा नाही, असं पलटणीत चालत नाही.

मी ते भिमाजीला मराठीत सांगितलं. त्यानं मान डोलावली.

"सुभेदारसाहेब बोलले ते खरं हाय. आमच्या अड्ड्यावरच्या एकानं पिऊन टांगा हाकला, दोन मानसं लंगडी केली. त्याला सजा झाली, बराबर झाली. पन साहेब, ह्या पोरानं मौजेसाठी न्हाई खाल्ली. त्याचा पाय दुखत हुता. पाय दुखतोय असं सांगायची चोरी, म्हनून गोळी खाल्ली. गोळी खाल्ली असं सांगायची चोरी, म्हनून ह्याच्या दोस्तानं मला भलत्या रस्त्याला नेलं. त्याला अफूनं मारलं असतं का भ्यानं मारलं असतं, तुमीच सांगा."

'भ्यानं' या शब्दाशी मी अडखळलो. मेजरसाहेब माझ्याकडं पाहत थांबले. मी 'भीती' साठी असलेला साधा इंग्रजी शब्द वापरला, दुसरा सापडेना. त्यांनी तो कागदावर लिहून घेतला.

मग त्यांनी चौकशीत सहसा कुणी साक्षीदाराला विचारत नाही असा प्रश्न विचारला. "या दोघांना शिक्षा व्हावी का? तुम्हाला काय वाटतं?"

भिमाजीनं खाली पाहिलं. फेट्याचं टोक हातात घेतलं, सोडलं. आणि रतनची गोष्ट सांगितली. पदराखाली झाकलेलं पोर, कोपऱ्यात बसलेली बायको, आणि आईनं शेजारी बसून विचारलेला तो एक प्रश्न. मी भाषांतर करत होतो, मध्येच थांबून मी पाणी प्यायलो. कुणी घाई केली नाही.

"माजी आय अडानी हुती," भिमाजी शेवटी म्हणाला. "पन तिला येवढं कळत हुतं, की आधी पोर वाचवायचं, आन त्यासाठी सुनंला बोलतं करायचं. तुमी ह्या सहादेवाला घरी धाडलं, तर पुढच्या येळेला दुसरं पोरगं काय करंल? त्यो दोस्ताला घिऊन दवाखान्यात येनार न्हाई, साहेब. त्यो त्याला बाभळीखाली झोपवून पळून जाईल. आन म्या जरी टांगा वळवला तरी मला खरं कोन सांगंल?"

मेजरसाहेबांनी डॉक्टरांकडं वळून विचारलं, सहा गोळ्या आणि अफू हे दारातच कळलं नसतं तर? डॉक्टर म्हणाले, "मी उष्माघाताचे उपचार सुरू केले असते, सर. मला वाटतं, आम्ही मुलगा गमावला असता." मेजरसाहेबांनी तेही कागदावर उतरवलं.

जबाब टंकून मी भिमाजीला वाचून दाखवला. त्यानं अंगठा दिला. बाहेर व्हरांड्यात सहादेव भिंतीला टेकून आपल्या पाळीची वाट बघत होता. भिमाजी त्याच्याजवळ क्षणभर थांबला आणि म्हणाला, "इचारतील ते समदं खरं सांग. आता कायबी झाकू नगस." मग टांग्याकडं गेला.

निकालाला अठरा दिवस लागले. ते कागद शेवटी माझ्याच टेबलावर टंकायला आले. मी पहिलं पान यंत्रात घातलं आणि आधी शेवटचा परिच्छेद वाचला, ही माझी कारकुनी सवय. छगननं नशेच्या किंवा परीक्षा टाळायच्या हेतूनं नव्हे, तर दुखणं लपवण्याच्या चुकीच्या समजुतीनं अज्ञात औषध घेतलं, सबब शिक्षा नाही. त्याला गुडघा बरा होईपर्यंत उपचार आणि मग पुढच्या तुकडीबरोबर परीक्षा. सहादेवानं औषधाची खरी माहिती आणि पुडी वेळेत डॉक्टरांकडं दिली, सबब त्याच्यावरही कारवाई नाही. आणि त्याखाली शाळेपुरता एक नवा हुकूम: कुणी स्वतः किंवा सोबत्याला घेऊन दवाखान्यात आला आणि काय घेतलं, किती घेतलं हे खरं सांगितलं, तर त्या सांगण्यावरून त्याला शिक्षा होणार नाही. मौजेची नशा आणि ती विकणं याला मात्र पूर्वीसारखीच कडक शिक्षा. उस्तादांचं म्हणणंही त्यात आलं होतं.

पानं टंकून, सह्या होऊन, दुसऱ्या दिवशी सकाळी परेडवर हुकूम वाचला गेला. तो वाचून होईपर्यंत मी तोंड मिटून होतो, कारण माझ्या नोकरीचेही नियम होते. मग साडेदहाच्या चहाच्या सुट्टीत सायकल काढली आणि अड्ड्यावर गेलो.

भिमाजी चंद्रीच्या खुरात अडकलेला खडा काढत होता. मला बघून त्यानं खूर खाली ठेवला, पण उभा राहिला नाही.

"सुटले," मी म्हणालो. "दोघंही. शिक्षा नाही."

तो तसाच उकिडवा बसून राहिला. "घरी धाडनार न्हाईत?"

"नाही."

"सहादेवाला बी?"

"त्यालाही नाही. परीक्षा पास झालाय तो."

भिमाजीनं दोन्ही हातांनी तोंड पुसलं, मग पुन्हा पुसलं. आणि अचानक हसायला लागला. इतक्या मोठ्यानं, की अड्ड्यावरचे सोबती जमा झाले. पोरांची भाकरी गेली म्हणणाऱ्यांपैकीच एकानं पळत जाऊन चहा सांगितला. भिमाजीनं चहाची बशी तोंडाला लावली, खाली ठेवली, पुन्हा उचलली. "अठरा दिस झाले भाऊसाहेब," तो म्हणाला, "मला चाची चव लागंना. आज लागतीय. लई ग्वाड केलाय रं ह्यानं."

नवा हुकूम काय आहे हेही मी त्याला मराठीत सांगितलं. त्यानं तो दोनदा सांगायला लावला आणि मग म्हणाला, "हे बायडाबाईला तुमीच येऊन सांगा. माज्यावर तिचा इस्वास बसनार न्हाई." म्हणून मी संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. बायडाबाईंनी ऐकून घेतलं, चुलीतलं लाकूड आत सरकवलं आणि म्हणाल्या, "बरं झालं. आता जेवतील तरी." मला बाजरीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ल्याशिवाय उठू दिलं नाही. त्या जेवणाइतकं हलक्या मनानं मी फार थोड्या वेळा जेवलो असेन.

छगन जूनमध्ये नीट चालायला लागला. पारनेरहून त्याची आई आक्काबाई आली, ती आधी दवाखान्यात न जाता भिमाजीच्या दारात उतरली. बायडाबाईंच्या गळ्यात पडून रडली, मग डोळे पुसून दोघी दिवसभर गावच्या विहिरी, लेकी-सुना, सगळं बोलत बसल्या. ऑगस्टमध्ये छगन परीक्षा पास झाला, त्याच्या तुकडीत दुसरा. उस्तादांनी त्याला जाताना सांगितलं म्हणे, "पुढं पाय दुखला तर पहिलं मला येऊन सांगायचं." तो वैदू पुन्हा त्या बाजारात दिसला नाही. पोलिसांनी त्याची चटई आणि पेटी उचलून नेली.

एवढ्या वर्षांच्या नोकरीत मी पाहिलं की शिस्तीबद्दल बोलणारे पुष्कळ असतात, आणि त्यांचं बहुतेक खरंच असतं. भिमाजीला शिस्त नको होती असं नाही. घोडीच्या पाण्याची वेळ तो कधी पाच मिनिटं चुकवायचा नाही. पण मेलेल्या पोराला शिस्त लावता येत नाही, एवढं त्याला समजत होतं, आणि ते तो साहेबांच्या टेबलासमोर बसून बोलला.

त्या हिवाळ्यात सहादेवाचं पत्र आलं, उत्तरेकडच्या कुठल्याशा ठाण्यावरून. भिमाजी ते घेऊन माझ्या ऑफिसच्या दारात आला. मी वाचून दाखवलं. थंडी फार आहे, सकाळी गाडीचं इंजिन तापवायला तास लागतो, नव्या तुकडीतल्या एका पोराला ताप होता तर मी स्वतः त्याला डॉक्टरकडं नेलं, काळजी नसावी.

भिमाजीनं पत्र परत घेतलं, घडी करून फेट्यात खोचलं आणि म्हणाला, "जवाब लिवा, भाऊसाहेब."

मी कागद घेतला. "काय लिहू?"

त्यानं फेट्यातलं पत्र चाचपलं. "लिवा, की कानाला मफलर गुंडाळत जा. आन लिवा, की तुझ्या काकीनं इचारलंय, तिकडं भाकरी मिळती का न्हाई." मग म्हणाला, "त्या तापाच्या पोराचं काय झालं, ते बी इचारा. बरं झालं का ते लिव म्हनावं."